‘भाकरी’चे अर्थ किती? मराठी शिकणाऱ्या एका बँक अधिकाऱ्याला उत्तर

प्रश्न विचारणारे गृहस्थ मूळचे लखनौचे. बँकेत अधिकारी आहेत आणि बदली होऊन सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाखेत आलेत. मराठी वाचता येतं, कामापुरतं बोलताही येतं. अडचण एकाच शब्दाची आहे. पीककर्जासाठी आलेला शेतकरी म्हणतो, ‘औंदा भाकरीपुरतंच पिकलं, सायेब.’ शेजारच्या टेबलावरचे सहकारी वैतागून म्हणतात, ‘या लष्कराच्या भाकऱ्या मीच का भाजायच्या?’ वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘तालुक्यात भाकरी फिरली.’ आणि दुपारी शिपाईमामा विचारतात, ‘साहेब, भाकरी झाली का?’ कोशात अर्थ एकच, ज्वारी-बाजरीची जाड रोटी. मग हे बाकीचे अर्थ ओळखायचे कसे, आणि यातलं आपण काय बोललं तर चालेल?

मी अमराठी मंडळींना मराठी शिकवतो. बँकेतले, टपाल खात्यातले, इस्पितळात काम करणारे असे लोक माझ्याकडे येतात. हा शब्द आला की मी वाक्प्रचारांची यादी देत नाही. यादी पाठ होते आणि ऐनवेळी चुकीच्या जागी बाहेर पडते. मी त्यांना आधी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभं राहून भाकरी होताना बघायला सांगतो. तुम्हीही बघा. या शब्दाचे बहुतेक अर्थ तव्यापाशीच जन्मले आहेत.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ जुनं झालं की ‘विरी गेली’ म्हणतात, मग ते थापताना फाटतं आणि पाणी उकळून उकड काढावी लागते. म्हणून दळण थोडं थोडं आणतात. परातीत किंवा लाकडी काठवटीत पीठ पाण्यानं मळायचं, तळहाताच्या बुडानं रगडून मऊ करायचं, मग कोरड्या पिठावर गोळा ठेवून थापायचा. थापताना भाकरी हाताखाली आपोआप गोल फिरत राहते, ती कला आहे आणि ती बघूनच कळते. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा. आता पुढचे काही क्षण महत्त्वाचे. वरचं पाणी सुकत आलं पण पुरतं सुकलं नाही, त्या वेळी उलटायची. लवकर उलटली तर ओली बाजू तव्याला चिकटते, पापुद्रा फाटतो. उशीर झाला तर वरून भेगा पडतात आणि खालून करपते. शेवटी तवा बाजूला करून आरावर धरली की टम्म फुगते.

एवढं डोळ्यांनी पाहिलं की ‘भाकरी फिरवणे’ समजावून सांगायची गरज उरत नाही. पूर्वी मुलांना एक कोडं घालायचे: घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? तिन्हींचं उत्तर एकच, फिरवलं नाही म्हणून. विड्याची पानं टोपलीत वरखाली केली नाहीत तर सडतात, घोडा फेरफटका न मारता बांधून ठेवला तर अडतो, भाकरीचं आपण पाहिलंच. राजकारणात हा प्रयोग जुना आहे, पण घराघरात पोचला तो 2023 मध्ये. त्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाच्या युवक मेळाव्यात शरद पवार यांनी भाकरी वेळेवर फिरवावी लागते, नाहीतर ती करपते, अशा अर्थाचं विधान केलं. पुढच्याच आठवड्यात, 2 मे रोजी, त्यांनी पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं, 5 मे रोजी तो निर्णय मागे घेतला, आणि 10 जूनला सुप्रिया सुळे व प्रफुल्ल पटेल यांना कार्याध्यक्ष केलं. त्या काळात कुठलंही मराठी वर्तमानपत्र उघडा, भाकरी दिसायचीच. आता ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही मतदार म्हणतात, ‘यंदा भाकरी फिरवायची.’

या प्रयोगात एक बारकावा आहे, तो शिकणाऱ्यांच्या हातून निसटतो. भाकरी फिरवताना भाकरी तीच राहते, तवाही तोच. फक्त वरची बाजू खाली आणि खालची वर येते. म्हणून पक्ष तोच, संस्था तीच, घर तेच आणि माणसं किंवा जबाबदाऱ्या बदलल्या, तर भाकरी फिरली. संस्थाच मोडीत निघाली तर तिथे हा शब्द बसत नाही. तुमच्या शाखेत व्यवस्थापकांनी रोखपालाला कर्ज विभागात आणि कर्ज विभागातल्याला खिडकीवर बसवलं, तर तुम्ही बिनदिक्कत म्हणा, ‘साहेबांनी भाकरी फिरवली.’ शाखाच बंद झाली तर म्हणू नका. आणखी एक. स्वयंपाकघरात बायका तव्यावरच्या भाकरीला ‘उलटली’ किंवा ‘परतली’ असंही म्हणतात, पण राजकारणात ‘भाकरी उलटली’ कुणी म्हणत नाही. तिथे फिरवणेच.

आता लष्कराच्या भाकऱ्या. पूर्ण रूप आहे ‘घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे’. आपल्या पोटाला आपणच घालायचं आणि राबायचं मात्र दुसऱ्यासाठी, तेही बिनपैशाचं, बिनआभाराचं. इथेही भाकरी करण्याचे कष्ट माहीत असले की अर्थाची धार कळते. पोळ्या लाटून ठेवता येतात, एक माणूस लाटतो, दुसरा भाजतो. भाकरी थापली की लगेच तव्यावर जावी लागते, एकेक करून, धुरात, हाताला चटके घेत. अशा भाकऱ्या अख्ख्या सैन्याला पुरतील इतक्या करायच्या, हे त्या वाक्प्रचारातलं चित्र आहे.

तुमचे सहकारी हे वैतागून बोलले, पण मराठी माणूस तेच स्वतःबद्दल थोड्या अभिमानानंही बोलतो. ग्रंथालयाचा चिटणीस, गणेश मंडळाचा हिशेब ठेवणारा, गावात रक्तदान शिबिरं भरवणारा, यांना घरची माणसं ‘काय त्या लष्कराच्या भाकऱ्या भाजता’ म्हणून बोलतात, आणि तो माणूसही हसून ‘आम्ही काय, लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे’ म्हणतो. महाराष्ट्रातली कितीतरी वाचनालयं, नाट्यसंस्था, पतपेढ्या अशाच माणसांवर उभ्या राहिल्या. तेव्हा कुणी स्वतःबद्दल असं म्हटलं तर ती केवळ तक्रार समजू नका. पण समोरच्याला तुम्ही तसं म्हणाल तर त्याच्या कामाला निरर्थक ठरवल्यासारखं होईल, आणि ते त्याला लागेल.

याच्या शेजारीच ‘आपली पोळी भाजून घेणे’ आहे. माझे विद्यार्थी या दोन्हींची हमखास गल्लत करतात. सगळ्यांच्या गडबडीत स्वतःचा फायदा उपटला तर ती पोळी, लोकांसाठी फुकट राबलात तर त्या भाकऱ्या. पोळीवर तूपही ओढतात, ‘आपल्याच पोळीवर तूप ओढणे’. भाकरीवर कुणी तूप ओढत नाही, तिच्यावर मीठ-मिरचीचा ठेचा येतो. गहू जिथे पिकत नव्हता तिथे पोळी सणासुदीची आणि पैसेवाल्यांची होती, भाकरी रोजची आणि कष्टकऱ्यांची. मला वाटतं, स्वार्थाला पोळी आणि श्रमाला भाकरी ही वाटणी त्यातूनच आली असावी. आज सोलापुरात चांगल्या मालदांडी ज्वारीचा भाव गव्हाहून चढा असतो आणि शहरातल्या हॉटेलात भाकरी पोळीपेक्षा महाग मिळते. भाषेला मात्र अजून त्याचा पत्ता नाही.

शेतकऱ्याच्या वाक्याकडे येतो, कारण तुमच्या कामात तेच सर्वांत मोलाचं आहे. ‘भाकरीपुरतं पिकलं’ म्हणजे काहीच पिकलं नाही असं नव्हे. तुमच्या भागात रब्बीची ज्वारी पावसाळा सरता सरता पेरतात, ती जमिनीतल्या ओलीवर येते. घरात वर्षाला लागेल तेवढं धान्य आणि जनावरांना कडबा, एवढं निघालं तर ते भाकरीपुरतं. बाजारात न्यायला पोतं उरलं नाही, म्हणून हाती पैसा नाही. घर उपाशी नाही, पण हप्ता भरायला रोकड नाही, हे तो तुम्हाला एका शब्दात सांगतो आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका बँकेच्या माणसानं अशाच वाक्यावरून अर्जदाराच्या कागदावर ‘उत्पन्न नाही’ असं टिपलं होतं. तुम्ही पुढचा प्रश्न विचारा, ‘विकायला किती निघालं?’ मग कांदा, तूर, दूध जे काही असेल ते तो मोकळेपणानं सांगेल. याच कुळातले आणखी शब्द कानावर पडतील. ‘भाकरीची भ्रांत’ म्हणजे उद्या काय खायचं याची चिंता. ‘भाकरीला महाग झाला’ किंवा ‘भाकरीला मोताद झाला’ म्हणजे खाण्याचेही वांधे झाले. ‘पोराच्या भाकरीची सोय झाली’ म्हणजे त्याला नोकरी लागली. मात्र प्रौढ एकट्या पुरुषाबद्दल ‘त्याच्या भाकरीची सोय बघा’ म्हटलं तर बोलणं लग्नाचं चाललंय. ‘हातानं भाकरी करून खातो’ हे वाक्यही स्वयंपाकाच्या कौतुकाचं नाही. त्याला घरात कुणी नाही, असं त्यातून सांगायचं असतं.

‘भाकरी झाली का?’ याचं उत्तर सोपं आहे. तिथे भाकरी म्हणजे जेवण. तुम्ही भात खाल्ला असेल, डब्यात पोळी असेल, तरी ‘झाली मामा, तुमची?’ एवढंच म्हणा. आज भाकरी नव्हती, पराठे होते, असा खुलासा कुणी मागितलेला नाही.

रूपांबद्दलही सांगून टाकतो, कारण तुम्ही लिहिताना अडखळाल. विदर्भ-मराठवाड्यात ‘भाकर’ म्हणतात, तिचं अनेकवचन ‘भाकरी’. पश्चिम महाराष्ट्रात एकवचनच ‘भाकरी’, अनेकवचन ‘भाकऱ्या’. म्हणून ‘लष्कराच्या भाकरी’ आणि ‘लष्कराच्या भाकऱ्या’ दोन्ही बरोबर. ‘झुणका-भाकर’, ‘मीठभाकर’, ‘भाकरतुकडा’ या जोडशब्दांत सगळीकडे भाकरच. धान्यही प्रदेशागणिक बदलतं. कोकणात आणि गोव्यात भाकरी म्हटलं की तांदळाची किंवा नाचणीची, खानदेशात कळण्याची (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची), भोगीला तीळ लावून बाजरीची. गुजरातेत गेलात तर ‘भाखरी’ म्हणून गव्हाची खुसखुशीत जाड रोटी समोर येईल. नावात साम्य असलं तरी पदार्थ वेगळा.

झुणका-भाकरीला राजकारणाचाही वास आहे. 1995 साली शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं, तेव्हा एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं ठिकठिकाणी उघडली. पुढे त्यातल्या अनेक जागी दुसरेच पदार्थ विकले जाऊ लागले.  तुमच्या तालुक्याच्या गावात एखाद्या टपरीवर ते नाव अजून रंगवलेलं दिसलं तर आत वडापाव मिळाल्याचं नवल वाटून घेऊ नका.

आता ज्या प्रयोगांपासून मी तुम्हाला लांब ठेवीन, त्याबद्दल. ‘भाकऱ्या मोडणे’ हा त्यातला एक. ‘सासऱ्याच्या घरी भाकऱ्या मोडतोय’, ‘फुकटच्या भाकऱ्या मोडतो’ म्हणजे कामधाम न करता दुसऱ्याच्या जिवावर खातो. हिंदीत तुम्ही रोटियाँ तोडना म्हणता, तसाच अर्थ, पण मराठीत त्याचा चरा जास्त खोल जातो, विशेषतः घरजावयाला किंवा बेकार मुलाला उद्देशून असेल तर. दुसरा प्रयोग मुलींबाबतचा: ‘शिकून काय करणार, शेवटी भाकऱ्याच थापायच्या ना?’ किंवा ‘जन्मभर भाकऱ्या बडवल्या’. पहिलं वाक्य ऐकून कितीतरी मुलींच्या शाळा सुटल्या आहेत. दुसरं बहुधा एखादी म्हातारी स्वतःबद्दल बोलते, आणि त्यात आयुष्यभराची खंत असते. तिनं म्हटलं तर ऐकून घ्या. तुमच्या तोंडी गंमत म्हणूनसुद्धा ते येऊ देऊ नका. बँकेत बचत गटाच्या बायका येतात, त्यांच्यासमोर तर मुळीच नाही.

सर्वांत जपून वापरायचा शब्द ‘भाकरी मागणे’. हा नुसता भीक मागण्याचा विषय नाही. जुन्या गावगाड्यात काही जातींच्या वाट्याला गावची कामं होती आणि मोबदला म्हणून दारोदार जाऊन उरलेली, शिळी भाकरी गोळा करावी लागे. हक्क म्हणायचा, पण तो दूर उभं राहून पदर पसरून घ्यायचा, आणि भाकरी वरून टाकली जायची. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिळे तुकडे आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडून देण्याचं आवाहन केलं, ते याच व्यवस्थेविरुद्ध. त्यानंतर कित्येक घरांनी अर्धपोटी राहून भाकरी मागणं बंद केलं. ज्यांच्या आज्यापणज्यांनी तो निर्णय घेतला त्यांची मुलं-नातवंडं तुमच्या शाखेत खातेदार आहेत, सहकारीही असतील. म्हणून ‘तुकडे टाकणे’, ‘तुकड्यावर जगणे’, ‘भाकरी मागायला आला’ असले शब्द कर्ज मागायला आलेल्या माणसाबद्दल चेष्टेतही उच्चारू नका. कोशात अशा शब्दांसमोर फार तर ‘निंदाव्यंजक’ एवढंच लिहिलेलं सापडेल, मागचा इतिहास तिथे नसतो.

तुकड्याचा दुसरा, मायेचा अर्थही आहे, तो बघितल्यावर गोंधळू नका. नवी नवरी दारात आली, बाळंतीण तान्ह्या लेकराला घेऊन आली, की उंबऱ्यावर तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात. दृष्ट लागू नये म्हणून. सोबत पाणीही ओवाळतात. तिथे त्या तुकड्यात कमीपणा नसतो, येणाऱ्या माणसाची काळजी असते.

मापाचे शब्दही भाकरीनंच दिले आहेत. अख्खी, अर्धी, पाव भाग म्हणजे चतकोर, आणि त्याच्याही अर्धा नितकोर. नितकोर आता फारसा ऐकू येत नाही. चतकोर मात्र भाकरी सोडून सगळीकडे फिरतो: चतकोर कागद, चतकोर जमीन, चतकोर बातमी. वारसांत वाटण्या होऊन ‘चतकोर रान वाट्याला आलं’ असं कुणी म्हणालं, तर सात-बाराच्या उताऱ्यावर नेमकं पाव एकर शोधू नका. अगदी थोडं आलं, एवढंच त्याला म्हणायचंय. ‘अर्धी भाकर खाऊ, पण पोराला शिकवू’ हे वाक्य शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर तुम्हाला ऐकू येईल. त्यात माप नाही, निर्धार आहे, आणि माझ्या अनुभवात हे वाक्य बोलणारे आई-बाप हप्ता चुकवत नाहीत.

‘भाकरीचा चंद्र’ हे शब्द लेखांत, भाषणांत भेटतील. ते नारायण सुर्वे यांच्या कवितेतून आले आणि बोलण्यात मिसळून गेले. पोटासाठीची धडपड, असा त्याचा रोख. बोलताना वापरायची घाई करू नका, भाषणात मात्र शोभतात.

तर तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: ‘भाकरी झाली का’, ‘भाकरी फिरवली’ आणि स्वतःबद्दल ‘लष्कराच्या भाकऱ्या’ हे तीन आजपासून वापरायला घ्या. ‘भाकरीपुरतं’ हा शब्द ऐका आणि नीट समजून घ्या, पण त्या शेतकऱ्याच्या पिकाबद्दल तुम्ही बोलू नका, तो त्यानं बोलायचा.

राहिली ‘मीठभाकर’. कर्ज मंजूर झाल्यावर कुणीतरी म्हणणारच, ‘या की सायेब एकदा, आमची मीठभाकर खायला.’ हे आमंत्रण खरं असतं. ताटात मीठ आणि भाकर एवढंच असेल असं समजू नका. पिठलं, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत, आणि तुम्ही खात असाल तर मटणही असेल. यजमानानं आपल्या पाहुणचाराला लहान म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. बँकेच्या नियमांमुळे किंवा सवड नसल्यामुळे जमणार नसेल तर ‘नको’ म्हणू नका, ‘पुढच्या खेपेला नक्की’ म्हणा. आणि कामाचा संबंध संपल्यावर गेलातच, तर भाकरी तव्यावरून थेट ताटात येईल, एक संपायच्या आत दुसरी. तोंडानं ‘बास’ म्हटलेलं कुणी मनावर घेत नाही. ताटावर हात आडवा धरायचा, आणि वाढणाऱ्या वहिनींना म्हणायचं, ‘चतकोर वाढा.’ अर्धी येईल.